पहार

(युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे, मधल्या घोषणा तेवढ्या गाळल्या आहेत.)



शिबिराच्या पत्रकावर माझ्या नावापुढं ‘महायुद्ध आणि आपला सैनिक’ असा विषय छापलाय. छापणाऱ्याला वाटलं असणार, हा कवी माणूस, कोरेगावच्या खांबापासून सुरू करील, पोरांचं रक्त सळसळेल, टाळ्या पडतील, मग चहा. ते भाषण तुम्ही दर १ जानेवारीला ऐकता. मीही ठोकलंय दोन-तीनदा. आज मी एका हवालदाराबद्दल बोलणार आहे आणि तो आपल्यातला नव्हता. हरयाणाचा जाट होता. उमरावसिंग त्याचं नाव. तोफखान्यात होता. मला त्याच्यात रस आला तो एका लोखंडी पहारीमुळं. पहारीशी माझा रोजचा संबंध आहे. मॅट्रिक झालो आणि गोदीला लागलो, तेव्हापासून हातात एकतर हूक असतो नाहीतर पहार. पेन रात्री.

तर आधी तोफ समजून घ्या. तोफ म्हटलं की आपल्याला बुरुजावरची दिसते, नाहीतर २६ जानेवारीच्या संचलनातली. ही तशी नव्हे. ही डोंगरी तोफ. ३.७ इंची हॉविट्झर म्हणायचे तिला. सगळं मिळून वजन साधारण ७३० किलो. गोळा २० पौंडांचा, म्हणजे ९ किलो. पल्ला साडेपाच किलोमीटरच्या आतबाहेर. जिथं रस्ता नाही तिथं न्यायची, म्हणून ती सगळी सुटी होते. चाकं वेगळी, मागचे पाय वेगळे, नळीचे सुद्धा दोन तुकडे. आठ ओझी होतात, आठ खेचरांच्या पाठीवर चढवायची. भागाकार करा. एका ओझ्याला नव्वदेक किलो. जुन्या माणसांना विचारा, गोदीतलं जुनं तागाचं पोतं केवढ्याचं असायचं.

आता हे नव्वद किलो खेचराच्या पाठीवर आपोआप जात नाही. खेचर काही गुडघे टेकून सलाम करत नाही. माणसं लागतात, आणि उचलायला जाड लोखंडी दांडा लागतो. इंग्रजी कागदात त्याला ‘गन बेअरर’ म्हणतात. आपल्या भाषेत पहारच ती. मुक्कामाला पोचलं की उतरवायची, जोडायची, खड्डा खणायचा, गोळे वाहून आणून रचायचे. हुकूम आला की सगळं खोलून पुन्हा खेचरावर. चिखलात, अंधारात, पावसात. पायदळातला शिपाई स्वतःचं ओझं घेऊन चालतो. तोफेवरचा शिपाई स्वतःचं घेऊन चालतो, आणि तोफेचं वेगळं.

तोफेवरच्या प्रत्येकाला नंबर असतो. नंबर एक म्हणजे हवालदार, तोफेचा मुकादम म्हणा. कुणी नेम बसवायचा, कुणी गोळा भरायचा, कुणी पुढचा गोळा हातात घेऊन उभं राहायचं. एक पडला की त्याच्या नंबरावर दुसरा. आमच्या टोळीतही असंच आहे. विंचवर एक, हॅचच्या तोंडाशी हात दाखवणारा एक, खाली स्लिंग बांधणारे. नाव कुणी विचारत नाही. बिल्ला विचारतात.

आणि एक गोष्ट. तोफेवरच्याला आपण कुणाला मारतोय ते दिसतच नाही. हॉविट्झरचा गोळा उंच जातो आणि टेकडीच्या पलीकडं पडतो. पुढं कुठंतरी साहेब दुर्बीण लावून बसलेला असतो, तो फोनवर नाहीतर वायरलेसवर आकडे सांगतो. इकडं आकडे लावायचे आणि गोळा सोडायचा. पुन्हा आकडे, पुन्हा गोळा. पलीकडं काय झालं ते अर्ध्या तासानं कळतं, नाहीतर कळतच नाही. सैनिक म्हणजे छाती काढून धावणारा माणूस, हे सिनेमावाल्यांनी आपल्या डोक्यात भरलेलं चित्र तोफखान्याला लागू पडत नाही. तिथला साधा माणूस महिनोन् महिने फक्त उचलतो आणि ठेवतो.

ही तोफ कुणाच्या हातात द्यायची, हे इंग्रजानं फार विचार करून ठरवलं होतं. १८५७ नं त्याची झोप उडवली होती. बंदूक काळ्या हातात एक वेळ चालेल, तोफ नको, असं ठरलं आणि तोफखाना गोऱ्यांच्या ताब्यात गेला. हिंदी शिपायांकडं राहिल्या त्या मुख्यतः या डोंगरी तोफा, खेचरांच्या मागं पायी चालायच्या. त्यातली एक बॅटरी मुंबईची, ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी. तिची सुरुवात २८ सप्टेंबर १८२७ ची, म्हणून भारतीय तोफखाना आजही त्याच तारखेला आपला दिवस साजरा करतो. मैदानी तोफा हिंदी माणसाच्या हातात परत आल्या त्या थेट १५ जानेवारी १९३५ ला, बंगलोरला. अठ्ठ्याहत्तर वर्षं! आपण म्हणतो मनूनं शस्त्रबंदी केली. हा गोरा मनू, पलटणीच्या ऑफिसात बसलेला.

बरं, हिंदी हात म्हणजे सगळे हात नव्हेत. यादी होती. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती. शीख, पंजाबी मुसलमान, जाट, डोग्रा, गुरखा यादीच्या आत. महार यादीच्या बाहेर. कालपर्यंत ज्यांच्या जिवावर बॉम्बे आर्मी उभी राहिली त्यांना १८९२ च्या सुमारास दार बंद. सुभेदार रामजींच्या पिढीच्या डोळ्यांदेखत हे घडलं. मग १९१७ ला माणसं कमी पडली तेव्हा आठवण झाली, १११ महार पलटण उभी केली. १९२१ ला मोडून टाकली. १९४१ ला परत माणसं कमी पडली. बाबासाहेब तेव्हा संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी रेटा लावला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. ती पायदळाची. तिला मशीनगन रेजिमेंट केलं ते १९४६ ला, युद्ध संपल्यावर. लक्षात येतंय ना? हत्यार जेवढं मोठं, तेवढं ते आपल्यापर्यंत पोचायला उशीर.

म्हणजे तोफखान्यात आपण नव्हतो का? होतो की. प्रत्येक पलटणीत, प्रत्येक बॅटरीत ‘फॉलोअर’ असायचे. लांगरी, भिश्ती, मोची, न्हावी, मेहतर. मेहतर कुठल्या जातीचा असायचा हे या सभेत सांगायची गरज नाही. शत्रूचा गोळा पडायचा तो जात विचारून पडत नव्हता, पण युद्धाची पुस्तकं उघडा, मेहतराचं नाव शोधून दाखवा. मी बघितली. वाचनालयात उभ्यानं जेवढी बघता येतात तेवढी.

उमरावसिंग यादीच्या आतला. त्याला दार उघडं होतं, हे मी लपवत नाही. परवा एक पोरगा मला म्हणाला, जाटाचे पोवाडे काय गातोस? २०१० साली हरयाणात मिरचपूरला आपली वस्ती कुणी जाळली? बरोबर विचारलं त्यानं. जाटांच्या जमावानं जाळली. म्हातारा बाप आणि त्याची अपंग मुलगी जळून मेली. ते विसरून इथं कुणी बोलू नये. पण मी पोवाडा गात नाहीये. मी हिशेबाची वही वाचतोय, आणि त्या वहीत या माणसाच्या नावापुढं काय लिहिलंय ते तुम्हाला दाखवायचंय. यादीच्या आतल्याची ही गत, तर बाहेरच्याची काय असेल ते तुमचं तुम्ही समजा.

झज्जरजवळचं पलडा त्याचं गाव. जन्म १९२० चा. शेतकऱ्याचं घर. नोव्हेंबर १९३९ मध्ये भरती झाला. इंग्रजाचा भाडोत्री, पोटार्थी, असं म्हणणारे शहाणे त्या वेळीही होते, आजही आहेत. पोटासाठी गेला असेल तर गेला! पोटार्थी हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्याचं पोट भरलेलं असतं, एवढं मला कळतं.

१९४४ ला तो होता कलादानच्या खोऱ्यात. कलादान ही ब्रह्मदेशातली, आराकानातली नदी. डोंगर, जंगल, पाऊस, मलेरिया. तिथं जपान्यांशी लढत होती ८१ वी पश्चिम आफ्रिकन डिव्हिजन. नायजेरिया, गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना, सिएरा लिओन, गांबिया इथली माणसं. रस्ते नव्हते, म्हणून या डिव्हिजनबरोबर ओझेवाल्यांच्या अख्ख्या तुकड्या होत्या. दाणागोटा, दारूगोळा, जखमी, सगळं माणसांच्या डोक्यावर नाहीतर खांद्यावर. माथाडी, दोस्तांनो! जगाच्या त्या टोकाला माथाडी. १९४४ च्या सुरुवातीला याच माणसांनी चिरिंगापासून दालेत्मेपर्यंत ७५ मैलांचा जीपचा रस्ता डोंगरांतून काढला, तोही बहुतेक हातानं, कुदळ-फावड्यानं.

यांच्या मदतीला ३० वी माउंटन रेजिमेंट, तिची ३३ वी बॅटरी, आणि त्या बॅटरीच्या एका तोफेवर नंबर एक हवालदार उमरावसिंग. पुढं गोल्ड कोस्टची ८ वी पलटण. विचार करा जरा. हरयाणाचा शेतकरी, घानाच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून, जपानच्या शेतकऱ्यावर गोळे टाकतोय. जमीन ब्रह्मी लोकांची. राजा लंडनचा.

१५-१६ डिसेंबर १९४४. तोफेची जागा पायदळाच्या मागं असते, पण ही पुढं काढलेली होती. जपान्यांनी आधी दीड तास तोफा आणि मॉर्टर चालवले. मग निदान दोन कंपन्या पायदळ थेट या तोफेवर आलं. जो माणूस आयुष्यात शत्रू न बघता गोळे सोडत आला त्याच्यासमोर शत्रू उभा. तोफेचा इथं उपयोग नाही. उमरावसिंगनं ब्रेनगन घेतली, बाकीच्यांना रायफली कुठं रोखायच्या ते सांगत राहिला. दोन हातबॉम्बनी जखमी झाला. पहिली लाट परतवली. दुसरी आली, तीही परतवली, पण तोपर्यंत तोफेवरचे सगळे मेले होते. उरले तिघं, तो आणि दोन गोलंदाज. तिसरी लाट आली तेव्हा गोळ्या संपत आल्या होत्या. लगेच संपल्याच.

मग त्यानं ती पहार उचलली. तोफ उचलायची पहार.

तिच्यानं त्यानं तिघांना लोळवलेलं बघणाऱ्यांनी बघितलं. मग तो स्वतः घावांखाली पडला. सहा तासांनी आपल्या बाजूनं उलटा हल्ला झाला तेव्हा तो तोफेजवळ सापडला. बेशुद्ध, सात मोठ्या जखमा, डोकं असं फुटलेलं की चेहरा ओळखू येईना. पहार हातात घट्ट. आजूबाजूला दहा जपानी मेलेले. त्यांच्याही आया कुठल्यातरी भातशेतात वाकलेल्या असतील, हे मी कवी म्हणून नाही म्हणत, असतीलच. आणि तोफ? तोफ शाबूत होती. त्याच दिवशी तिच्यातून पुन्हा गोळे सुटले.

हे शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. तोफेवरची माणसं मेली, एक अर्धमेला, आणि त्याच दिवशी नवे नंबर उभे राहून काम चालू! आमच्याकडं स्लिंग तुटली की तासाभरात दुसरी लागते, बोट थांबत नाही. परवाच्या पावसाळ्यात लोखंडी पट्ट्यांचा जुडगा घसरला आणि आमच्यातल्या एकाच्या पायाची तीन बोटं गेली. ठेकेदाराच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर त्याचं नावच नव्हतं. म्हणजे तो कामावर नव्हता, म्हणजे बोटं घरी गेली. भरपाईचा प्रश्नच मिटला.

उमरावसिंगचं नाव मात्र वहीत लागलं. ऑक्टोबर १९४५ ला लंडनला राजाच्या हातून व्हिक्टोरिया क्रॉस. इंग्रजांकडं त्याच्यावर पदक नाही. स्वतंत्र भारतानं १९८३ ला पद्मभूषण दिलं. फौजेतून निवृत्त होऊन तो गावी आपल्या थोड्याशा शेतात राबत होता. व्हिक्टोरिया क्रॉस विकत घेणारे शौकीन जगात पुष्कळ, मोठमोठ्या रकमा लावतात. त्यालाही विचारलं. तो नाही म्हणाला. म्हणाला, माझ्याबरोबर जे मेले त्यांचा अपमान होईल. ते पदक एकट्याचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पदक देणाऱ्यांच्या कागदावर नाव मात्र एकच.

आणि पेन्शन? व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याचा वार्षिक भत्ता ब्रिटिश सरकारनं १९५९ ला १०० पौंड ठरवला. वर्षाला! तोच आकडा १९९५ पर्यंत. छत्तीस वर्षं. १९९५ ला युद्धसमाप्तीच्या पन्नाशीचा सोहळा झाला, हा पंच्याहत्तरीला टेकलेला म्हातारा लंडनला गेला. तिथं मानाच्या मंडपाच्या दारात त्याला जवळजवळ परत फिरवलं होतं, पाहुण्यांच्या यादीत नाव नव्हतं म्हणून. पुन्हा यादी! छातीवरचं पदक एका अधिकाऱ्यानं ओळखलं म्हणून आत गेला. आत गेल्यावर त्यानं काय केलं? हात जोडून फोटो काढला? पंतप्रधान जॉन मेजरला गाठलं आणि तोंडावर सांगितलं, आमची पेन्शन फार कमी आहे. त्याच साली भत्ता १३०० पौंड झाला. पहार उचलणाऱ्या माणसाची दुसरी लढाई मला पहिलीपेक्षा जास्त आवडते. २१ नोव्हेंबर २००५ ला, पंचाऐंशी वर्षांचा होऊन, तो गेला.

आता त्याच १९४४ च्या एप्रिलमध्ये या. मुंबईत. ब्रह्मदेशात जो गोळा सुटायचा तो आभाळातून पडत नव्हता. बोटीनं आलेला दारूगोळा कुठल्या ना कुठल्या गोदीत, कुठल्या ना कुठल्या हमालाच्या हातून गेल्याशिवाय तोफेपर्यंत पोचायचा नाही. तोफेवरच्या नंबरांच्या मागं हे बिननंबरी. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट व्हिक्टोरिया डॉकला लागली होती. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, त्याच्याबरोबर कराचीला भरलेला कापूस, लाकूड, तेल, आणि ३१ पेट्या सोन्याच्या विटा. कापूस आणि दारू एका बोटीत भरायचं डोकं कुणाचं ते सोडा. १४ एप्रिलला दुपारी धूर दिसला. चारच्या पुढं काही मिनिटांनी पहिला स्फोट, सुमारे अर्ध्या तासानं दुसरा.

१४ एप्रिल. तुम्हाला तारीख सांगायला नको. बाबासाहेब त्या दिवशी त्रेपन्न वर्षांचे झाले होते आणि व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे मेंबर होते. मजूर खात्याच्या मेंबराच्या वाढदिवशी गोदीत मजुरांच्या चिंध्या उडत होत्या.

आग विझवताना मेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान मोजलेले आहेत, दरवर्षी त्यांना सलामी देतात, द्यायलाच पाहिजे. बाकीच्यांचं काय? मेलेल्यांचे आकडे ८०० पासून १३०० पर्यंत कुठंही जातात. हा पाचशेचा फरक म्हणजे कोण? मला विचाराल तर रोजंदारीवर आत शिरलेला, बिल्ला नसलेला, दोन दिवसांपूर्वी घाटावरून आलेला माणूस. विटा मात्र मोजलेल्या होत्या. पुढं कित्येक वर्षांनी गोदीचा गाळ उपसताना वीट सापडली की ती वर्तमानपत्रात यायची. व्हिक्टोरिया डॉक आता बुजवून टाकलाय. माझ्या टोळीतली पोरं त्या जमिनीवरून जातात येतात, त्यांना ठाऊकही नाही.

कुणी म्हणेल, हे सगळे तर्क. मग हे घ्या. युद्धातल्या मेलेल्यांची थडगी आणि नावं सांभाळणारी जी राष्ट्रकुल संस्था आहे, तिनं एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढला. पहिल्या महायुद्धात मेलेले निदान १,१६,००० लोक, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्त इथले, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, यांची नावं कुठंच कोरली नाहीत. शंभर वर्षांनी माफी मागितली. त्यात ओझेवाले किती असतील? दगडावर कोरायला शिपाई लागतो, हमाल चालत नाही.

म्हणून मला उमरावसिंगची पहार महत्त्वाची वाटते. ब्रेनगन पायदळाची, रायफल शिपायाची, पण पहार उचलणाऱ्याची. सगळी हत्यारं संपल्यावर त्याच्या हाताला लागलं ते त्याच्या रोजच्या कामाचं अवजार. नेमक्या त्या क्षणी तो कुठल्या जातीचा, कुठल्या यादीतला, हे बघायला कुणी शिल्लक नव्हतं. सकाळी उजाडल्यावर यादी परत आली, तो भाग वेगळा.

फार बोललो. एक काम सांगतो आणि बसतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोबा-पणजोबांची ट्रंक आहे. माळ्यावर असेल, गावच्या घरात असेल. तिच्यात डिस्चार्जचे कागद असतात, एखादं पदक, पेन्शनचं पुस्तक. ‘आमचा पणजा पलटणीत होता’ एवढंच घरात सांगतात आणि पुढं गप्प होतात. का गप्प होतात ते बघा. हुद्द्याचा रकाना वाचा. शिपाई असेल, ड्रायव्हर असेल म्हणजे खेचरं हाकणारा, फॉलोअर असेल, मेहतर असेल. मेहतर असेल तर ट्रंक परत बंद करू नका, तो कागद आधी आणा. गोदीतलं कुणी १९४४ ला गेलं असेल आणि घरात नुसतं नाव उरलं असेल, तर ते नाव, गाव, काम, एवढं वहीत लिहून आणा. कागदाची झेरॉक्स काढा, मूळ कागद म्हातारीच्या हातात परत द्या, कुठल्याही संग्रहालयवाल्याला देऊ नका.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी इथंच वही घेऊन बसतो. माझी पाळी दुपारची आहे, दोनपर्यंत आहे मी.